काळं सौभाग्य, पांढरं हसू : प्रवरेकाठच्या दातांचा इतिहास

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात दात पांढरे करण्याचं काय काम? तो तर दंतवैद्याचा विषय. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते सांगतो.

नगर जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमानंतर एक मुलगी आणि तिची आत्या आमच्याशी बोलायला थांबल्या. मुलीचं लग्न ठरत होतं. तिला विचारायचं होतं, की दात पांढरे करायला लेझर चांगलं, निळा दिवा चांगला, की नुसतं औषध लावून घेतलेलं बरं? आम्ही दंतवैद्य नाही, हे सांगून झालं. पण आमचं लक्ष गेलं ते आत्याबाईंकडे. त्या बोलताना सारखा पदर तोंडाशी नेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमचं काय बघता, आमचे मिश्रीचे दात."

एकाच घरातल्या दोन पिढ्या. एकीला दात पांढरेशुभ्र हवेत, दुसरी काळे दात झाकते. आणि गंमत अशी, की या आत्याबाईंच्या पणजीच्या काळात काळे दात झाकायचे नसत, मिरवायचे असत. हे असं उलटंपालटं कसं झालं, ते आज बघू. त्यासाठी आपण प्रवरा नदीच्या काठाकाठाने जाणार आहोत. योगायोग असा, की दातांचा सगळा इतिहास त्या एका नदीच्या काठावर सापडतो.

सुरुवात सर्वांत जुन्या दातांपासून करू. प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यात दैमाबाद आहे, आणि खाली नेवासे. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण युगातल्या वस्त्या उत्खननात सापडल्या. दैमाबादचं नाव 1974 मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या मूर्तींमुळे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे आणखी एक गोष्ट मिळाली : मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुलं. हाडं झिजतात, मोडतात, दात मात्र टिकतात, कारण दातावरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, तो शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. अभ्यासकांनी दैमाबाद, नेवासे आणि पुणे जिल्ह्यातलं इनामगाव इथल्या मुलांचे दुधाचे दात तपासले, तेव्हा त्यांना काहींच्या इनॅमलमध्ये खळगे आणि उणिवा दिसल्या. दात घडत असताना आईचं किंवा बाळाचं पोषण बिघडलं, मोठं आजारपण आलं, तर त्याची खूण इनॅमलवर कायमची राहते. म्हणजे दातावरचा डाग हा कधी कधी तीन हजार वर्षांपूर्वीच्या उपासमारीचा दस्तऐवज असतो.

हे ध्यानात ठेवा, कारण पुढे उपयोगी पडणार आहे. प्रत्येक डाग वरून लागलेला नसतो. काही डाग दातासोबतच घडलेले असतात.

आता नदीच्या उगमाकडे, अकोले तालुक्यात जाऊ. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचा परिसर. इथल्या डोंगरात महादेव कोळी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करत आली आहेत. हिरडा औषधात लागतो, कातडी कमवायला लागतो, आणि एके काळी तो बायकांच्या दातांना लागत असे. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, हे मुख्य घटक घालून जी काळी पूड करत, तिला दातवण म्हणत. मुसलमान घरांत तशीच मिस्सी होती. निजामशाहीच्या या नगरात दोन्ही चाली शेजारी शेजारी नांदल्या असणार. ही पूड दातांवर आणि हिरड्यांच्या कडेला चोळायची, की दात काळेभोर होत. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, तसंच दातवण हाही सधवेचा साज. विधवेला कुंकू वर्ज्य, तसं दातवणही वर्ज्य. आज पांढऱ्या दातांना आपण सौंदर्य म्हणतो. तेव्हा काही घरांत पांढरे दात हे दुर्दैवाचं लक्षण होतं. केवढा फरक!

यातलं रसायन बघा. हिरड्यात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोह एकत्र आले की गडद काळा, पाण्यात सहज न विरघळणारा पदार्थ तयार होतो. जुनी लिहायची काळी शाईही याच तत्त्वावर करत. म्हणजे त्या शाईची अक्षरं आणि बाईच्या दातांचा काळा रंग यांचं रसायन एकच.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. जपानमध्ये हेच चालायचं. तिथे शिरक्यात लोखंड भिजवून केलेलं पाणी आणि झाडावरच्या गाठींची टॅनिनयुक्त भुकटी वापरत. 1870 मध्ये मेइजी सरकारने उमरावांना दात काळे करायला बंदी घातली, आणि 1873 मध्ये जपानची सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. मग हळूहळू चाल गेली. आपल्याकडे असं फर्मान वगैरे काही निघालं नाही. शिक्षण आलं, फोटो आले, शहरी राहणी आली, आणि दातवण मागे पडलं.

पण दातवण गेलं तरी काळेपणा गेला नाही. त्याची जागा दुसऱ्या पुडीने घेतली. त्यासाठी नदीच्या काठाने थोडं खाली, संगमनेरला येऊ.

संगमनेर, अकोले आणि नगर शहर हा विडीचा पट्टा. हजारो बायकांनी सुपात पानं आणि तंबाखू घेऊन विड्या वळल्या. नगर शहरातला पद्मशाली समाज या कामात मोठ्या संख्येने होता. तंबाखू हाताशी असली की ती तव्यावरही जाते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि बोटाने दातांना लावायची : ही मशेरी. आपल्या भागात मिश्रीच म्हणतात. सुरुवात दात घासण्यापासून होते. बाई सांगते, दात दुखत होता म्हणून लावली. तंबाखूने बधिरपणा येतो, बरं वाटतं. मग सकाळी एकदा, मग दुपारी जेवल्यावर, मग रात्री. दात घासायची पूड म्हणून आत आलेली वस्तू व्यसन होऊन बसते. घरात विडी ओढणाऱ्या बाईला नावं ठेवतात, मिश्री लावणारीला कोणी ठेवत नाही. ती "दातच घासतेय" ना!

दातवण आणि मिश्री यांत लोक घोटाळा करतात. दोन्ही काळ्या पुडी, पण जात वेगळी. दातवण ही रंगाची पूड. मिश्री ही भाजलेली तंबाखू. धूर न काढता वापरायच्या तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पक्कं ठरवलेलं आहे. भारत सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोचणार?

बाकीचे लोक काय वापरत? राखुंडी, मीठ, कोळसा, बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांच्या काडीने दात घासावेत असं आहे. टोक चावून मऊ करावं आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असंही बजावलेलं आहे. ही शेवटची सूचना आपण विसरलो. राख, विटेची पूड, कोळसा जोराने घासला की दात तात्पुरता उजळतो, पण इनॅमल झिजतं. इनॅमलच्या खाली डेंटिन नावाचा थर असतो, तो मुळातच पिवळसर. वरचं झिजलं की खालचा पिवळा दिसायला लागतो. म्हणजे पांढरं करायला घासा, आणि पिवळं करून घ्या. आजही "चारकोल" लिहिलेल्या पेस्ट मिळतात, तेव्हा आम्हाला आजीची राखुंडी आठवते.

आता आणखी खाली, राहाता तालुक्यात लोणीला. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं, धनंजयराव गाडगिळांसारखे अर्थतज्ज्ञ सोबत आले, आणि 1950 च्या अखेरीस प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. साखर स्वस्त झाली, चहा घराघरांत गेला, आणि गावातल्या पोरांचे दात किडू लागले. म्हणजे ऊस आला, कीड आली. आणि त्याच उसाच्या पैशातून, त्याच लोणीत, पुढे वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयही उभं राहिलं. संगमनेरलाही दंत महाविद्यालय आहे. इतिहासात असे हिशेब क्वचित इतके सरळ जुळतात.

या महाविद्यालयांचं महत्त्व कळायला मागे जावं लागेल. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्याला काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 चं. दंतवैद्यांचा कायदा 1948 चा. तोवर खेड्यात दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा. तेव्हा दात दुखला की काढायचा, आणि आता तोच दात पांढरा करायचा, हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात झालेला आहे.

मग त्या मुलीचा प्रश्न : लेझर, दिवा की औषध? याचाही इतिहास आहे, आणि तो समजला की निम्मं उत्तर मिळतं.

1818 साल. आपल्याकडे पेशवाई संपली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये थेनार या रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं. दात पांढरं करायचं आजचं जवळजवळ सगळं शास्त्र या एका द्रवावर उभं आहे. पण दंतवैद्यांनी सुरुवात दुसऱ्या औषधाने केली. 1864 मध्ये अमेरिकेत ट्रुमन यांनी मेलेला, आतून काळवंडलेला दात क्लोरिनच्या चुन्याने उजळवला, ज्याला आपण ब्लीचिंग पावडर म्हणतो. 1884 मध्ये हार्लन यांनी पेरॉक्साइड वापरलं. 1918 मध्ये ॲबट यांनी तीव्र पेरॉक्साइडवर प्रखर दिव्याची उष्णता दिली. म्हणजे आज जाहिरातीत "नवीन तंत्र" म्हणून येणारा दिवा शंभर वर्षांहून जुना आहे. 1996 मध्ये अमेरिकेत आर्गॉन लेझरला परवानगी मिळाली.

एक मोठी कलाटणी योगायोगाने आली. आर्कान्सामधले एक दंतवैद्य हिरड्यांच्या जखमेसाठी पेरॉक्साइडयुक्त जंतुनाशक ट्रेमध्ये घालून रुग्णांना रात्री लावायला देत. हिरड्या बऱ्या झाल्या, आणि दातही उजळले! 1989 मध्ये हेवूड आणि हायमन यांनी ही घरी करायची पद्धत शास्त्रीय मासिकात मांडली. 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड.

आता दवाखान्यात काय काय करतात, ते एकेक बघू.

पहिली गोष्ट, स्केलिंग आणि पॉलिशिंग. यात दात पांढरा करत नाहीत, साफ करतात. चहा, पान, विडी, मिश्री यांचे बाहेरचे डाग आणि दातावर जमलेलं कीटण यानेच निघतं. पेरॉक्साइडने कीटण निघत नाही. मिश्रीवाल्यांना आधी हेच लागतं, आणि पुष्कळांना यापुढे काही लागतच नाही.

दुसरी, नुसतं रसायन. हिरड्यांवर संरक्षक थर लावतात, मग 35 टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोजन पेरॉक्साइड जेल दातांवर पंधरा-वीस मिनिटं, असं दोन-तीन वेळा. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत जातं आणि रंगाचे मोठे रेणू तोडून लहान, फिकट करतं. एका बैठकीत फरक दिसतो. तोटा म्हणजे दात सणकतात, आणि जेल हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून जळजळते.

तिसरी, त्याच जेलवर निळा एलईडी किंवा हॅलोजन दिवा. चौथी, डायोड किंवा दुसरं लेझर. इथे सगळ्यात जास्त जाहिरात आहे, म्हणून इथेच थांबू. गेल्या काही वर्षांत दिव्यासह आणि दिव्याशिवाय अशा तुलना पुष्कळ झाल्या. त्यांचा सूर असा, की तीव्र जेल असेल तर दिव्याने किंवा लेझरने शेवटच्या रंगात टिकाऊ असा विशेष फरक पडत नाही. मग दवाखान्यातून निघताना दात इतका पांढरा का दिसतो? कारण तासभर तोंड उघडं असतं आणि दात सुकतो. सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. एक-दोन दिवसांत लाळेने ओलावा परत येतो, आणि रंग थोडा उतरतो. हे फसवणं नव्हे, पण आधी सांगितलं पाहिजे. उष्णतेचं म्हणाल, तर 1965 मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात दाताच्या आतल्या भागाचं तापमान साडेपाच अंशाने वाढलं तेव्हा काही दातांचा जिवंत गाभा मेला. म्हणून दिवा-लेझर जाणत्या हातातच हवा.

पाचवी, मायक्रोॲब्रेजन. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्यूमिस यांनी इनॅमलचा अगदी पातळ थर घासायचा. ही पद्धत 1986 पासून रुळली. फ्लोरोसिसचे वरवरचे तपकिरी डाग यातून जातात. हे डाग पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने पडतात. अमेरिकेत मकेय यांनी 1901 पासून कोलोरॅडोत हे डाग पाहिले, कारण कळायला 1931 उजाडलं. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे हा त्रास मोठा आहे. बोअरवेल खोल गेल्या, तसं काही गावांत ते पाणी वर आलं.

सहावी, मेलेल्या दातासाठी आतून ब्लीच. रूट कॅनाल झालेल्या दातात औषध भरून काही दिवस बंद करतात. 1961 पासून यासाठी सोडियम परबोरेट वापरात आलं. पूर्वी तीव्र पेरॉक्साइड आणि उष्णता वापरल्याने मुळाच्या मानेशी दात विरघळल्याच्या नोंदी 1979 मध्ये आल्या. तेव्हापासून सौम्य औषधाला पसंती आहे.

मग कोणती चांगली? इतिहास सांगतो, की प्रश्न उलटा विचारायला हवा : डाग कशाचा आहे? बाहेरचा असेल तर स्केलिंग. वयाने आलेला पिवळेपणा असेल तर पेरॉक्साइड, दवाखान्यात झटपट किंवा घरी दोन-तीन आठवडे. शेवटचा रंग बहुतेक वेळा सारखाच येतो, घरच्या सौम्य जेलने सणक कमी. टेट्रासायक्लिनच्या करड्या पट्ट्या असतील तर महिनोन्‌महिने लागतात. हे औषध 1948 मध्ये आलं, यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालच्या प्रयोगशाळेतून. त्याने लाखो जीव वाचवले, पण लहानपणी दिलं तर दातात कायमचा रंग बसतो. आणि दैमाबादच्या मुलांसारखे घडतानाचेच खळगे असतील, तर कुठलंच ब्लीच ते भरत नाही. भरण किंवा कवच बसवावं लागतं. भरलेला दात, कॅप यांचा रंग ब्लीचने बदलत नाही, हेही लक्षात ठेवा. युरोपीय संघाने 2011 मध्ये नियम केला : सहा टक्क्यांहून जास्त पेरॉक्साइड नको, पहिला वापर दंतवैद्याच्या देखरेखीखाली, आणि अठरा वर्षांखालच्यांना नाही. आपल्याकडे त्याहून कितीतरी तीव्र जेल वापरतात, तेव्हा विचारून घेतलेलं बरं : किती टक्के?

शेवटी त्या आत्याबाईंकडे परत येऊ. आम्ही त्या मुलीला इतकंच म्हणालो, "बाई, दवाखान्यात जाशील तेव्हा आत्यालाही घेऊन जा. आणि खुर्चीत पहिल्यांदा त्यांना बसव." मिश्रीच्या काळ्या थराखाली हिरड्या सरकलेल्या असतात, हाड झिजलेलं असतं. आणि गालात किंवा ओठाच्या आत पांढरा चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, यांतलं काही असेल तर ते रंगापेक्षा फार मोठं दुखणं. लाजून पदर तोंडाशी धरला, तर तेच नेमकं झाकलं जातं.

एके काळी काळे दात सौभाग्य म्हणून बाईवर आले. आज पांढरे दात लग्नासाठी म्हणून तिच्या भाचीवर येत आहेत. दोन्ही वेळा बाईचं तोंड दुसऱ्यांनी पाहायचं म्हणून सजलं. मधल्या काळात तिच्या तोंडात काय दुखतंय, हे बघायला कोणी विशेष आलं नाही. प्रवरेकाठी आता दंत महाविद्यालयं आहेत, विद्यार्थी आहेत, खुर्च्या आहेत. त्या खुर्चीत आत्या आणि भाची दोघी बसल्या, तर हा इतिहास पुढे सरकला असं आम्ही म्हणू.

आजच्या प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, "मिश्री सोडली की दात दुखतात, मग काय करायचं?" दुखणं मिश्रीने बधिर झालेलं असतं, बरं झालेलं नसतं. सोडल्यावर ते जाणवतं. तेव्हाच दंतवैद्याकडे जायचं, परत तव्याकडे नाही. आणि एकदम सुटत नसेल तर रोजच्या वेळा एकेक कमी करायच्या, पण डॉक्टरांना खरं सांगायचं. सांगायला लाजू नका. तुमच्या पणज्या तर हे काळेपण मिरवत होत्या.